नाव नसलेल्या चार गोळ्या

गोळ्यांच्या स्ट्रिपवरचं नाव नेहमी दुसऱ्याच्या वाट्याला जातं. मेडिकलवाला दहाच्या स्ट्रिपमधून चार गोळ्या कात्रीनं कापून देतो आणि आपल्या हातात येणाऱ्या तुकड्यावर काय असतं? लाल उभ्या रेघेचा एक तुकडा, कुठल्याशा शब्दाचं शेपूट, आणि 'हिमाचल प्रदेश'. नाव, ताकद, मुदत सगळं उरलेल्या सहा गोळ्यांबरोबर परत डब्यात.

माझा उजवा गुडघा तेव्हा नुकताच कुरकुरायला लागला होता. जिना उतरताना कळ यायची, रात्री कूस बदलताना जाग यायची. म्हणून त्या चार गोळ्या.

"काय आहे यात?" मी विचारलं.

"पेनकिलर आहे, ताई. एक नंबर. जेवणानंतर घ्या."

"ते कळलं. नाव काय?"

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी भेळवाल्याला शेंगदाणे कुणाच्या रानातले म्हणून विचारलंय. मागं तीन माणसं उभी होती. त्यातल्या एकानं घसा खाकरला. मी गोळ्या पर्समध्ये टाकल्या आणि घरी आले. त्या चार गोळ्या मी घेतल्या नाहीत. फेकल्याही नाहीत. फ्रिजवरच्या डब्यात त्या बरेच महिने पडून होत्या.

नावासाठी एवढा हट्ट कशासाठी, तर माझ्या कानासाठी.

मी इचलकरंजीची. आमच्या घराची मागची भिंत आणि मागांच्या शेडची पुढची भिंत एकच. बारा साधे माग होते अण्णांचे. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग आणला, आणि पुढं गावाला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणायला लागले. त्या मँचेस्टरचा एक बारीकसा कोपरा आमच्या मालकीचा होता. आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडं फेकला जायचा, आपटायचा, परत यायचा. बारा मागांचे बारा धोटे. पाढे, कविता, दहावीचा भूगोल, सगळं मी त्या खडखडाटात पाठ केलं. आम्ही भावंडं रात्री जागी व्हायचो ती आवाजानं नव्हे, लाइट जाऊन माग बंद पडले की. ती शांतता अंगावर यायची. आई अंधारात म्हणायची, "झोपा, येईल आत्ता." म्हणजे लाइट, आणि लाइटबरोबर आवाज.

शेडमधली माणसं एकमेकांशी हातानं बोलायची. कांडी (धोट्यातलं सूत) संपली, ताणा (उभा धागा) तुटला, चहा आला, मालक आलेत, प्रत्येकाची खूण ठरलेली. कानात कापूस घालणारा माणूस मी पाहिला नाही. जिथं शेजारच्याचं बोलणं ऐकायला ओरडावं लागतं, तिथला आवाज कानाला घातक असतो हा साधा नियम आता मला माहीत आहे. दिवसाला आठ तास ऐकायला ८५ डेसिबलच्या पुढचा आवाज धोक्याचा धरतात, आणि साध्या मागांच्या शेडमध्ये तो नव्वदीच्या पुढं जातो. दर तीन डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, त्यामुळं ८५ आणि ९५ हे आकडे दिसतात तेवढे शेजारी नाहीत.

नोटाबंदीनंतरच्या मंदीत अण्णांनी माग विकले. विकले म्हणजे किलोवर गेले, भंगाराच्या भावानं. शेवटचा टेम्पो गेला त्या रात्री मी माहेरी मुक्कामाला होते. भिंतीपलीकडं काही नव्हतं. आणि त्या नसण्यात मला पहिल्यांदा माझा कान ऐकू आला. खडखडाट नव्हे, रातकिड्यासारखी बारीक, न तुटणारी सूंSSS. मी उठून फ्रिज बंद केला. मीटरबोर्डापाशी जाऊन कान लावला. पंखा बंद केल्यावर तर ती आणखी स्पष्ट झाली. आई म्हणाली, "कान वाजतायत तुझे." भास होतोय, या अर्थानं ती म्हणाली. पण शब्दशः खरं तेच होतं.

कानाच्या डॉक्टरांनी तपासणी करून कागद पुढं ठेवला. आलेखाची रेघ सरळ चालली होती आणि ४००० हर्ट्झपाशी विहिरीत पडावी तशी खाली गेली होती. "मागांचं गाव?" त्यांनी पत्ता न बघता विचारलं. मग त्यांनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. वहिफणीचे कामगार एकेक ताणा वहीतून (ही मागावरची दोऱ्यांची चौकट) आणि मग फणीच्या घरातून ओढून घेतात, तशाच आतल्या कानात केसाळ पेशींच्या ओळी असतात. बाहेरच्या बाजूला तीन ओळींत साधारण बारा हजार, आतल्या ओळीत साडेतीन हजारांच्या आसपास. ताणा तुटला तर गाठ मारता येते. इथं गाठ मारता येत नाही. माणसाच्या कानात या पेशी पुन्हा उगवत नाहीत. जिथून आवाज यायचा बंद झाला तिथं मेंदू स्वतःच काहीतरी ऐकू लागतो. दुखणारा गुडघा निदान हाताला लागतो. हे दुखणं ना दिसतं, ना दाखवता येतं.

सुश्रुतसंहितेत कानाचे अठ्ठावीस रोग मोजलेत, त्यात हा आहेच. कर्णनाद. जुन्या ग्रंथांनी त्याला भेरी, मृदंग, शंख असे भारदस्त आवाज दिले आहेत. माझ्या वाट्याला रातकिडा आला.

(एक आडवं वाक्य, पण महत्त्वाचं. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, किंवा एका दिवसात अचानक ऐकू येणं कमी झालं असेल, तर लेखबिख वाचत बसू नका. कानाच्या डॉक्टरकडं त्याच दिवशी जा. अचानक गेलेलं ऐकणं परत मिळवायला दिवस मोजके असतात.)

तर कानात आवाज आणि गुडघ्यात कळ. आता गोळीची भानगड.

आजी सांगायची, हिवतापात कोयनेल घेतलं की कानात घणघण व्हायची. ते आम्ही आजीच्या गोष्टींत जमा केलं होतं. पण ते खरंच आहे. क्विनीननं कान वाजतात हे डॉक्टरी पुस्तकात आहे. अण्णांची एपीसीची गोळी मात्र मला स्वतःला आठवते. अ‍ॅस्पिरिन, फेनासेटिन आणि कॅफीन. डोकं दुखलं, एपीसी. अंग मोडून आलं, एपीसी. दिवाणजींच्या पेटीत पावतीपुस्तकाशेजारी त्या पडलेल्या असत. त्यातलं फेनासेटिन पुढं मूत्रपिंडाला वाईट म्हणून बाजारातून गेलं. अ‍ॅस्पिरिन राहिलं.

आणि अ‍ॅस्पिरिनची कानाशी जुनी ओळख आहे. वाळुंजाच्या जातीच्या झाडांची साल तापावर आणि दुखण्यावर पूर्वापार वापरली जायची. त्याच रसायनाच्या घराण्यातली ही गोळी १८९७ साली जर्मनीत बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी तयार केली आणि १८९९ पासून ती विकली जाऊ लागली. पुढं कित्येक वर्षं संधिवाताला तिच्याइतकं हुकमी औषध नव्हतं. तेव्हाचे डॉक्टर डोस कसा ठरवायचे हे वाचलं आणि मी खुर्चीत सावरून बसले. रोज वाढवत न्यायचं, चार-पाच ग्रॅमपर्यंत, आणि रुग्ण म्हणाला की कान वाजायला लागले, की तिथून एक पायरी खाली यायचं. कान हाच त्यांचा काटा! रक्तातलं प्रमाण मोजायची सोय नव्हती तिथं माणसाचा कान वजनकाट्यासारखा वापरला. डोस उतरवला की बहुतेकांचा आवाज एक-दोन दिवसांत जायचा.

हे कसं होतं त्याचा एक धागा अलीकडं सापडलाय. बाहेरच्या ओळीतल्या त्या बारा हजार पेशी आवाजाबरोबर आखूड-लांब होत नाचतात आणि बारीक आवाज मोठा करतात. त्यांना नाचवणाऱ्या प्रथिनाचं नाव प्रेस्टिन. पाश्चात्त्य संगीतातल्या 'प्रेस्टो'वरून ठेवलेलं, म्हणजे आपली द्रुत लय. २००० साली ते ओळखलं गेलं. अ‍ॅस्पिरिनमधलं सॅलिसिलेट भरपूर प्रमाणात आलं की या प्रेस्टिनला चिकटून बसतं आणि नाच मंदावतो. एवढं एकच कारण नाही, पण मला हे कारण आवडलं. गोळीनं माझ्या कानातला तबलजी झोपवला, असं काहीतरी.

वाचलं, आवडलं, आणि मी घाबरले.

घाबरलेल्या माणसाचं वाचन कसं असतं ठाऊक आहे का? पाकिटातली ती सिगारेटच्या कागदासारखी पातळ घडी उलगडायची, भिंग घ्यायचं, आणि फक्त एकच शब्द शोधायचा. टिनिटस, म्हणजे कर्णनाद. आयब्युप्रोफेन, सापडला. नॅप्रोक्सेन, सापडला. डायक्लोफेनॅक, सापडला. (डायक्लोफेनॅकनं तर आपल्याकडची गिधाडं संपवली, गुरांना टोचायचे, मेलेली गुरं गिधाडं खायची. २००६ साली गुरांसाठी बंदी आली. मला वाटलं, गिधाडाचं मूत्रपिंड जिथं टिकलं नाही तिथं माझ्या कानाची काय कथा.) घडीवर किती जणांना, किती डोसला, किती दिवसांनी, हे बघायची माझी इच्छाच नव्हती. मी एका वहीच्या मागच्या पानावर 'नको' असा मथळा लिहिला आणि खाली नावं लिहीत गेले. शेवटी 'चालेल' या मथळ्याखाली एकच नाव उरलं, पॅरासिटामॉल. तेही मी निम्मी गोळी घ्यायचे.

आणि वर बाम चोळायचे. सकाळी, रात्री, गुडघ्याला, मानेला. वरून गरम पाण्याची पिशवी. तो मिरमिरणारा गोड वास. बामाची बाटली डोळ्यांपुढं असून त्यावर काय लिहिलंय ते मी तीन महिने वाचलं नाही, कारण बाम म्हणजे काही औषध नव्हे, अशी आपली समजूत. एके दिवशी चष्मा लावलेला होता म्हणून नजर गेली. मिथाइल सॅलिसिलेट. गंधपुऱ्याचं तेल ते हेच. सॅलिसिलेट! जे तोंडावाटे जाऊ नये म्हणून मी रात्र रात्र कळा काढत होते, तेच मी दोन वेळा चोळून, वरून शेक देऊन आत ढकलत होते. उष्णतेनं ते कातडीतून जास्त शिरतं. गंधपुऱ्याच्या शुद्ध तेलाच्या एका चमच्यात सात ग्रॅमच्या आसपास सॅलिसिलेट असतं, म्हणजे अ‍ॅस्पिरिनच्या वीसेक गोळ्या. लहान मुलानं ते तेल प्यायलं तर जिवावर बेततं. बामात अर्थात ते थोडंसंच असतं, आणि बाम चोळून माझा कान बिघडला असं म्हणायला मला काही आधार नाही. पण स्वतःचं हसू यायला तेवढं पुरेसं होतं.

हसू आलं तरी झोप येत नव्हतीच. गुडघ्यामुळं जाग, जाग आली की सूं, सूं ऐकू आली की आता झोप लागणार नाही ही काळजी, काळजीनं सूं मोठी. त्या महिन्यात माझा कान जितका वाजला तितका आधी कधी वाजला नव्हता, आणि त्या महिन्यात मी एकही 'नको'तली गोळी घेतली नव्हती. हे गणित मला मांडता येत होतं. बँकेत अठ्ठावीस वर्षं खातेवही जुळवली आहे. फक्त मांडायचं धाडस होत नव्हतं.

शेवटी हाडाच्या डॉक्टरांकडं गेले ती ती यादी घेऊनच. त्यांनी यादी वाचली, मागं-पुढं बघितली आणि विचारलं, "मॅडम, बीपीची गोळी कुठली?"

"टेल्मिसार्टन."

"मग तुम्ही कानाची काळजी करताय आणि मी किडनीची."

असं झालं बघा. मी ज्या गोळ्यांना कानासाठी भीत होते त्यांच्याबद्दल डॉक्टरांची काळजी वेगळीच होती. ती टेल्मिसार्टन, जोडीला लघवीची गोळी, आणि त्यावर आयब्युप्रोफेन-डायक्लोफेनॅकच्या घरातली वेदनाशामक, असं त्रिकूट जमलं की मूत्रपिंडाला जड जातं. शिवाय जठर, शिवाय बीपी वाढणं. "कान शेवटी येतो," ते म्हणाले. मला ते आवडलं नाही. ज्याच्या कानात रातकिडा बसलाय त्याला कान शेवटी येतो असं सांगून बघा.

पण माणूस निवांत होता, त्यांनी मला धुडकावलं नाही. अमेरिकेत नर्सेसच्या आरोग्याच्या वर्षानुवर्षं चाललेल्या अभ्यासाबद्दल त्यांनीच सांगितलं. सुमारे सत्तर हजार बायकांच्या वीसेक वर्षांच्या नोंदी, २०२२ साली छापलेला निष्कर्ष. आठवड्यातले सहा-सात दिवस आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या किंवा पॅरासिटामॉल घेणाऱ्यांमध्ये कायमचा कर्णनाद सुरू होण्याचं प्रमाण जवळजवळ वीस टक्क्यांनी जास्त आढळलं. साठीच्या आतल्या बायकांमध्ये मध्यम डोसची अ‍ॅस्पिरिन वारंवार घेणाऱ्यांतही सोळा टक्क्यांनी जास्त. हृदयासाठी घेतात त्या कमी डोसच्या अ‍ॅस्पिरिननं मात्र प्रमाण वाढलेलं दिसलं नाही.

पॅरासिटामॉल! माझ्या 'चालेल'मधलं एकमेव नाव.

यावर मी दोन दिवस विचार करत होते. वीस टक्के जास्त म्हणजे शंभरातल्या वीस जणींना झाला असं नव्हे. मुळात जेवढ्यांना होतो त्याच्या वीस टक्के वर. मुद्दल किती ते न सांगता नुसता व्याजदर सांगितला की गिऱ्हाईक दचकतं, हे बँकेत रोज बघितलंय. शिवाय ज्या बाईला आठवड्यातले सहा दिवस गोळी लागते, तिला दुखणं किती, झोप किती, हे वेगळं कसं काढणार? आणि तो अभ्यास ज्यांना आवाज नव्हता त्यांचा. माझ्याकडं तो आधीच मुक्कामाला आहे. पण एक गोष्ट त्यात लख्ख दिसत होती आणि मी ती माझ्या यादीत कुठंच लिहिली नव्हती. सगळा प्रश्न सहा-सात दिवसांचा होता. 'नको' आणि 'चालेल' या दोन मथळ्यांखाली मी फक्त नावं भरत बसले होते. किती आणि किती दिवस, हे दोन रकाने मी आखलेच नव्हते.

आमच्या दिवाणजींची वही अशी नव्हती. लाल कापडी बांधणीची, उभी. मागाचा नंबर, कामगार, बीम (ताण्याचा रूळ), मीटर, पीक (कापडातले आडवे धागे), खाडे. माग बंद का होता त्याचंही कारण: लाइट, सूत, जॉबर (माग दुरुस्त करणारा), सण. मजुरी पिकावर ठरायची, म्हणून पीक चुकवून चालायचं नाही. मी माहेरून तसली एक कोरी वही उचलून आणली. रकाने आखले. तारीख, गोळीचं खरं नाव (कंपनीचं नव्हे, आतलं), मिलिग्रॅम, कशासाठी, झोप किती तास, आणि शेवटी कान किती वाजला, दहापैकी.

आतलं नाव लिहायला लागल्यावर बऱ्याच गमती कळल्या. सर्दीची गोळी, अंगदुखीची गोळी आणि तापाची गोळी अशा तीन वेगळ्या समजून घेतलेल्या गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल तीन वेळा होतं. आपल्याकडं मिश्र गोळ्यांत ते ३२५ मिलिग्रॅमच्या वर घालू नये असा नियम २०११ साली आला, म्हणून त्या पाकिटांवर ३२५ हा आकडा इतक्यांदा दिसतो. तरी तीन ठिकाणचे ३२५ आणि वर एक ६५० धरले की बेरीज होतेच. माझ्या डॉक्टरांनी मला दिवसाला तीन ग्रॅमची मर्यादा घालून दिली आहे, आणि ती मी कधी गाठलेली नाही. आणि 'एक नंबर' म्हणून मिळालेल्या त्या चार गोळ्या? स्ट्रिपवरच्या शब्दाचं शेपूट दुसऱ्या दुकानात दाखवून विचारलं. अ‍ॅसिक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल आणि तिसरं काहीतरी. वाईट नव्हे. पण मला टेल्मिसार्टन चालू आहे हे त्या कात्रीला माहीत नव्हतं.

मध्ये दाढ काढली. ती नोंद अजून मला कोड्यात टाकते. दाढेच्या डॉक्टरांनी हाडाच्या डॉक्टरांना फोन करून तीन दिवस आयब्युप्रोफेन ४०० आणि बरोबर पॅरासिटामॉल दिलं; दाढेच्या दुखण्यावर ही जोडी चांगली चालते. तीन दिवस, चौथा नाही, पाणी भरपूर. माझे हात थरथरत होते, खरंच. पहिला दिवस: कान ४. दुसरा दिवस: कान ६. मी पेन ठेवलं आणि म्हटलं, बघा! तिसरा दिवस: ५. पाचवा दिवस: ४, नेहमीचे. तर दोष गोळीचा? पण पाऊण तास मी तोंड आ करून बसले होते, ते मशिन कवटीत घरघरत होतं, आणि जबडा ताणला की माझी सूं बदलते हे मला आधीपासून ठाऊक आहे. दात आवळून बघा. कर्णनाद असलेल्या बऱ्याच जणांना आवाज चढलेला ऐकू येईल. मान, जबडा आणि कान यांच्या नसा आत कुठंतरी शेजारणी आहेत. शिवाय भीती होतीच. त्या ६ या आकड्यातला किती भाग गोळीचा, किती जबड्याचा, किती माझा, याचा हिशेब वहीत लागत नाही. त्या ओळीपुढं मी प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय. दिवाणजी असते तर 'किरकोळ' म्हणून खात्यावर टाकलं असतं.

आता गुडघ्याचं काय करते? मुख्य म्हणजे डायक्लोफेनॅकचा जेल लावते. हो, यादीतलं तेच नाव. पण लावलेल्या जेलमधून रक्तात पोचतं ते तोंडानं घेतलेल्याच्या सहा टक्क्यांच्या आसपास, आणि गुडघा कातडीजवळ असल्यानं तिथं ते कामाला येतं. शेक देणार असेन तर जेल नाही. बाम मी बंद केला, कानापेक्षा त्या दुहेरी चोळण्याचा राग म्हणून. जिन्याचा दिवस असला, लग्नकार्य असलं, तर आधी पॅरासिटामॉल. त्यानं गुडघ्याच्या झिजेवर फार फरक पडत नाही हे डॉक्टरही कबूल करतात, पण माझ्या मनाचा पडतो आणि तोही धरायला हरकत नाही. आणि खरा फरक ज्यानं पडला ते सांगताना मला लाज वाटते, इतकं ते साधं आहे. खुर्चीत बसून पाय सरळ उचलायचा, दहा आकडे मोजायचे, खाली. मांडीचा स्नायू घट्ट झाला की गुडघ्यावरचा भार कमी होतो. फिजिओथेरपीच्या मुलीनं मानेचेही व्यायाम दिले, ते गुडघ्यासाठी नव्हते, पण मान मोकळी झाली त्या आठवड्यांत वहीतला कानाचा रकाना तीनवर आला. हे माझ्या एकटीच्या वहीतलं आहे. दुसऱ्या कुणाच्या वहीत काय येईल मला सांगता यायचं नाही.

कानाला गोळी नाहीच. कर्णनाद पुसून टाकणारं औषध अजून निघालेलं नाही. जाहिराती निघाल्या आहेत. झोपताना पंखा बारीक चालू ठेवते, थंडीतसुद्धा, आणि नवरा गोधडीत गुंडाळून घेत कुरकुरतो.

या सगळ्या माझ्या ज्ञानाचा एकदा चांगलाच उलटा फटका बसणार होता. मोठ्या दिरांना स्टेंट बसवलाय. जेवणाच्या पंगतीत माझं अ‍ॅस्पिरिनपुराण ऐकून ते गप्प झाले, आणि दोन दिवसांनी जाऊबाईंचा फोन. "अगं, ह्यांनी ती कानाची गोळी सोडलीय." कानाची गोळी! रोजची ७५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन, स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेली. मी चप्पल न घालता निघाले. जुन्या संधिवातवाल्यांचे चार-पाच ग्रॅम कुठं आणि हे ७५ मिलिग्रॅम कुठं. साठ पटींचा फरक. त्यांना पंगतीत मी गोळी सांगितली होती, माप सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना फोन लावून त्यांच्याच तोंडून ऐकवलं तेव्हा दिरांनी गोळी घेतली, माझ्याकडं न बघता. तेव्हापासून पंगतीत मी फक्त मठ्ठ्याबद्दल बोलते.

आमचे जुने जॉबरमामा परवा भेटले. अण्णांकडं त्यांची हयात गेली. ऐंशीच्या घरात आहेत, एका कानानं जवळजवळ ऐकू येत नाही. मी कानाशी तोंड नेऊन विचारलं, मामा, तुमच्या कानात आवाज येतो का?

"व्हय की."

"कसला?"

त्यांनी तळहात आडवा धरला आणि दुसऱ्या हाताचं बोट त्यावरून सर्रकन इकडून तिकडं नेलं. शेडमधली खूण. धोटा चालू आहे. माग बंद नाही.

"त्रास होत नाही?"

"सवय हाय," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "गुडघं दुखत्यात. त्येला काय हाय का तुझ्याकडं?"

मी त्यांना खुर्चीत बसवून पाय उचलायला शिकवला. गोळी सुचवली नाही. त्यांचं बीपी, किडनी, काहीच मला माहीत नव्हतं. त्यांनी चार वेळा पाय उचलला, पाचव्यांदा विडी काढली.

मेडिकलवाल्याशी मात्र आता माझं जमलंय. पहिले काही महिने तो वैतागायचा. मग एकदा त्याच्या आईचे कान वाजायला लागले आणि मी त्याला वही दाखवली. काल जेल आणि पॅरासिटामॉल आणायला गेले. त्यानं स्ट्रिप उचलली, उलटी केली, आणि कात्री दुसऱ्या टोकाला लावली.

"घ्या ताई. तुमच्यासाठी नावाच्या बाजूनं कापलं."

नाव, ६५०, मुदत, सगळं माझ्या हातात आलं. मी खूश होऊन वळले. मागं एक माणूस एका हातानं गुडघा दाबत उभा होता. "अंगदुखीची द्या चार," तो म्हणाला, आणि मेडिकलवाल्यानं माझ्या स्ट्रिपचे उरलेले तुकडे त्याच्यापुढं ठेवले.